दाराची साक्ष



दसऱ्याच्या दिवशी सकाळी सावेडीच्या कोणत्याही वस्तीतून एक फेरफटका मारावा. अहमदनगरचे, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरचे, हे उत्तरेकडील उपनगर. गुलमोहर रस्ता असो, पाइपलाइन रस्ता असो, की भिस्तबाग चौकाच्या बाजूची नवी घरे असोत, दारोदारी झेंडूची व आंब्याच्या पानांची तोरणे लागलेली दिसतात. फाटकाशी सडा घातलेला असतो, उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटे उमटलेली असतात. अशाच एखाद्या फाटकावर तोरणाच्या शेजारी एक पत्र्याची पाटी तारेने बांधलेली आढळते, आणि तिच्यावर अक्षरे असतात, ‘बंगला विकणे आहे.’

तोरण आणि पाटी ह्या दोन्ही वस्तू एकाच फाटकाला लटकलेल्या पाहून मनात एक प्रश्न येतो. हे दार सजवले आहे ते कोणासाठी? सणासाठी, पाहुण्यासाठी, की अद्याप न आलेल्या गिऱ्हाइकासाठी? घर विकावयाचे झाले म्हणजे त्याचा दर्शनी भाग नीट करावा, हा सल्ला आज सर्वत्र ऐकू येतो, आणि तो चुकीचाही नाही. परंतु ह्या साध्या वाटणाऱ्या सल्ल्याच्या पाठीमागे फार मोठा इतिहास उभा आहे. तो थोडक्यात आपणांपुढे मांडावा आणि त्यावरून आज घर विकणाराने काय बोध घ्यावा ते पाहावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

घराची विक्री आणि घराचे दार ह्यांचा संबंध आपल्याकडे अतिशय जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरचे पंडित शामशास्त्री ह्यांच्या हाती विसाव्या शतकाच्या आरंभी लागली आणि १९०९ साली तो ग्रंथ छापून निघाला, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तू विकण्याचा विधी सांगितला आहे. वास्तू विकत घेण्याचा पहिला अधिकार भाऊबंदांचा, त्यानंतर शेजाऱ्यांचा, त्यानंतर धनकोंचा, आणि मग इतरांचा. विक्री पुकारावयाची ती शेजारच्या चाळीस कुळांतील लोकांच्या समक्ष, आणि तीही त्या घराच्या समोर उभे राहून. सीमा जशा असतील तशा सांगावयाच्या. तीन वेळा पुकार होऊनही कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे घेणाराला ती वास्तू घेता येई. ह्याहून मौजेची गोष्ट अशी की, घेणारांच्या चढाओढीने किंमत वाढलीच, तर ती वाढ करासह राजाच्या कोशात जमा व्हावी असा नियम होता.

ह्या विधीतील दोन बारकावे मला महत्त्वाचे वाटतात. पहिला असा की, चढाओढीची रक्कम कोशात जात असल्यामुळे बाहेरून भपका करून भाव फुगवण्यात विकणाराला फारसे स्वारस्य उरत नसावे. दुसरा त्याहूनही मोलाचा. घर पुकारले जाई ते त्याच्या दारासमोर, आणि ऐकणारे असत शेजारी. कोणाच्या भिंतीतून पावसाळ्यात पाणी झिरपते, कोणाच्या आडाला वैशाखात पाणी राहत नाही, कोणाच्या छपराचा वासा पोखरला आहे, हे शेजाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? अशा मंडळींच्या देखत खोटे बोलणे अवघड असते. किंबहुना त्या विक्रीत दार हे जाहिरात नव्हते, साक्षीदार होते. आजच्या विषयाचे मर्म मला ह्या एका गोष्टीत सापडते.

साक्षीची ही परंपरा मराठेशाहीतही टिकून होती. त्या काळची खरेदीपत्रे पाहिली तर त्यांत चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, अशा रीतीने वास्तू शेजाऱ्यांच्या व वाटेच्या आधाराने ओळखली जाते. खाली गावकऱ्यांच्या साक्षी असतात. पाटील आपली निशाणी म्हणून नांगर काढीत असे. घराची किंमत किती, ह्याच्या इतकेच महत्त्व घरात जाण्यायेण्याची वहिवाट कोणत्या बाजूने आहे ह्याला असे. आजच्या खरेदीखतातही चतुःसीमा आणि जाण्यायेण्याचा हक्क हे शब्द जिवंत आहेत. कायद्याच्या दृष्टीनेसुद्धा, ज्या घराला धड प्रवेश नाही ते घर अपुरे होय.

आता दाराच्या रूपाकडे वळू. नगर शहर मलिक अहमद निजामशाहाने १४९४ च्या सुमारास वसवले. पुढे त्याला तट आला, तटाला वेशी आल्या. दिल्ली दरवाजा व माळीवाड्याची वेस आजही नगरकरांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. सावेडी हे त्या वेशीबाहेरचे, उत्तरेकडील एक खेडे. ह्याच बाजूला निजामशाहीत ‘हश्त बिहिश्त’, म्हणजे आठ स्वर्ग, ह्या नावाची बाग होती. भिस्तबाग ह्या आजच्या नावात त्या बिहिश्ताचा, म्हणजे स्वर्गाचा, अपभ्रंश शिल्लक आहे. वेशीच्या आत राहणाराला तटाचे संरक्षण असे. बाहेर राहणाराला आपल्या घराच्या दाराचाच काय तो भरवसा. १८०३ च्या ऑगस्टात जनरल वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून नगर शहराचा तट चढून घेतला आणि चार दिवसांत किल्लाही पडला, तेव्हा वेशीच्या भरवशाचीही मर्यादा उघड झाली.

अशा काळातील वाड्याचे दार आल्यागेल्याला भुलवण्यासाठी बांधलेले नसे. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. पहिल्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, १७३० ते १७३२ ह्या काळात, वाडा उभा राहिला. त्याच्या उत्तरेकडील त्या प्रचंड दरवाजाला हत्तीची धडक परतवण्यासाठी लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत, आणि रोजच्या जाण्यायेण्यासाठी एका फळीत लहानशी दिंडी आहे, तीतून वाकूनच आत शिरावे लागते. त्या दाराचे सांगणे स्पष्ट होते: येथे कोण आत येईल हे घरधनी ठरवील. लहान वाड्यांची दारेही त्याच वळणाची असत. जाड चौकट, गणेशपट्टी, आतून अडसर, बाजूला देवडी. घर विकण्याची वेळ क्वचितच येई. ती आली तर ते घराण्याचे दुर्दैव समजले जाई. दार सजवावयाचे ते सणासाठी, लग्नकार्यासाठी, माप ओलांडून येणाऱ्या नव्या सुनेसाठी.

दाराच्या ह्या सजावटीचा भार बहुतांशी स्त्रियांनी वाहिला, हे इतिहास लिहिणारांनी सहसा नोंदवलेले नाही. पहाटे उठून अंगण झाडणे, शेणसडा टाकणे, रांगोळी काढणे, उंबरा पुसणे, तिन्हीसांजेला दिवळीत पणती ठेवणे, ही कामे रोजची, आणि रोज पुसली जाणारी. ज्या शोभेला आज बाजारात किंमत येते, ती शोभा पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य उभी राहिली.

आणि दाराची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. ज्या दाराने काहींचे स्वागत केले, त्याच दाराने काहींना बाहेर ठेवले. पंढरपुरास महाद्वारी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबाची समाधी आहे. चोखोबांसारख्या संताची वाट दाराशीच थांबली, हे सत्य ती समाधी आजही सांगते. ते दार सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. घरांच्या ओट्यांवरही अशाच अदृश्य रेघा होत्या. घर ही बाजारात विकण्याजोगी वस्तू झाली तेव्हा तत्त्वतः एक नवी गोष्ट घडली: पैसा मोजील त्याला दार उघडावे, असे बाजाराचे म्हणणे. पण अजूनही पुष्कळ ठिकाणी फाटकाशीच आडनाव विचारले जाते आणि मग घर ‘नुकतेच दिले’ असे उत्तर मिळते. अशा फाटकाला कितीही ताजा रंग दिला तरी ते सुशोभित झाले असे मी म्हणणार नाही.

घर वस्तू कसे झाले, ह्याचा इतिहास एकोणिसाव्या शतकात सुरू होतो. १८७२ साली कराराचा कायदा आला, १८८२ साली मालमत्ता हस्तांतरणाचा, १९०८ साली नोंदणीचा. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्ताशिवाय पुरी होत नाही, असे ठरले. साक्ष होती, पण ती आता चाळीस कुळांची राहिली नाही. नोंदणी कचेरीत दोन सह्या झाल्या की काम भागू लागले. त्याच सुमारास, १८९६ पासून, प्लेगने मुंबई-पुण्यापासून अनेक शहरांना ग्रासले. दाट पेठांतील अंधारी घरे सोडून मोकळ्या हवेत राहावे, ही ओढ सुशिक्षित कुटुंबांत बळावली. सहकाराच्या मार्गाने घरे बांधण्याचा विचार पुढे आला. मुंबईत गावदेवीस सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था १९१५ साली स्थापन झाली. पुढे जिल्ह्याजिल्ह्याच्या शहरांतही वेशीबाहेर वसाहती वाढल्या. सावेडीच्या शेतांतून बंगल्यांच्या रांगा उठल्या त्या ह्याच ओघात.

ह्या नव्या घराने दाराची मांडणी पालटली. वाड्याला एक दार होते आणि ते थेट रस्त्यावर उघडे. त्याच्या ओट्यावर वाटसरू टेकत असे. बंगल्याला आधी लोखंडी फाटक, मग बाग किंवा फरसबंद अंगण, मग पोर्च, मग पायऱ्या, मग जाळीचे दार आणि शेवटी लाकडी दार. रस्ता आणि घर ह्यांत अंतर पडले. शेजारी दाराशी यावयाचा तो आता फाटकाबाहेरून हाक मारू लागला. नामफलकाला महत्त्व आले, कारण घर कोणाचे हे आता सर्वांना ठाऊक असेलच असे राहिले नाही. आणि ज्या घराची माहिती शेजाऱ्यांकडून मिळत नाही, त्याची पारख त्याच्या दर्शनी रूपावरून होऊ लागली.

पाहणारासाठी घर मांडून दाखवण्याची कला पाश्चात्त्य देशांत तोपर्यंत चांगलीच रुजली होती. लंडनमध्ये ‘डेली मेल’ ह्या वृत्तपत्राने १९०८ साली आदर्श घराचे प्रदर्शन भरवले. मुंबईतही १९३७ साली टाउन हॉलमध्ये भारतीय वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेने अशाच नावाचे प्रदर्शन भरवले. न वापरलेल्या खोल्या वापरात असल्याप्रमाणे सजवलेल्या पाहून लोक घरी परतले ते आपल्या घराकडे नव्या नजरेने पाहतच. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकांत तर विकावयाचे घर तात्पुरते सजवून देणे हा स्वतंत्र धंदाच झाला. रस्त्यावरून घर कसे दिसते ह्यालाच भाव, असे त्या धंद्याचे सूत्र. तेच सूत्र आता आपल्या उपनगरांतही येऊन पोहोचले आहे.

ह्या सूत्राची मी सरसकट निंदा करणार नाही. पाहुणा यावयाचा म्हणून घर झाडणे ह्यात ढोंग नाही, आणि गिऱ्हाईक यावयाचे म्हणून झाडणे ह्यातही नाही. आपल्या शास्त्रकारांनीही दाराकडे लक्ष दिले आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचे प्रकरण आहे. त्यात दारासमोर झाड, कोपरा, विहीर, खांब असा अडथळा येणे ह्याला वेध म्हटले असून तो निषिद्ध मानला आहे. आपोआप उघडणारे वा आपोआप मिटणारे दारही तेथे अशुभ ठरवले आहे. त्या अशुभाची फळे जी सांगितली आहेत ती मानावयाची की नाहीत हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु निरीक्षण बिनचूक आहे. आपोआप उघडणारे दार म्हणजे ओळंब्यात नसलेली चौकट, आणि अशी चौकट हे पुष्कळदा पाया खचल्याचे लक्षण असते.

तेव्हा घर विकणाराने प्रथम रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहावे आणि आपले घर परक्याच्या डोळ्यांनी पाहावे. दारासमोरचे आधुनिक वेध त्याला चटकन दिसतील: आडवी लावलेली दुचाकी, चपलांचा ढीग, मोडकी खाट, रिकाम्या कुंड्या, वाळून गेलेली तुळस. ते दूर केले म्हणजे निम्मे काम झाले. मग बिजागऱ्यांना तेल घालावे, घासणारे दार सुताराकडून तासून घ्यावे, कडी-कोयंडा सहज बसतो की नाही पाहावे. वाजत नसलेली घंटी, पेटत नसलेला पोर्चमधला दिवा आणि हलणारी पायरी, ह्या तीन गोष्टी दुरुस्त न करता जो बागेत फुलझाडे लावतो त्याने अनुक्रम चुकवला. म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या चढताना धरावयास कठडा आहे काय, हेही पाहावे. घर पाहावयास येणारे कुटुंब आजीला सोबत आणीत असते. नगरची हवा कोरडी, उन्हाळ्यात धूळ फार. म्हणून जाळीचे दार व फाटक आदल्या संध्याकाळी धुऊन काढावे. दिवेलागणीला कोणी येणार असेल तर दिवा आधीच लावलेला असावा. एवढी तयारी पुरे आहे, आणि तिला खर्चही बेताचा.

खरी अडचण पुढेच आहे. दुरुस्तीची सीमा कोठे संपते आणि लपवाछपवी कोठे सुरू होते? नगर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशातला. येथे पाऊस थोडा, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, म्हणजे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास पडतो. बाकीचे आठ महिने भिंती कोरड्या ठणठणीत. दाराशेजारच्या जोत्यात ओल असेल तर ती ह्या थोड्याच दिवसांत वर चढते, रंगाचे पोपडे सुटतात, लोणा लागतो. दुसरी गोष्ट काळ्या मातीची. ही माती पावसाने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया खाली मुरमापर्यंत गेला नसेल तर आधी हलतात त्या पायऱ्या, ओटा आणि पोर्चचे खांब. म्हणजे प्रवेशाचा भाग हाच घराच्या आरोग्याची पहिली खूण सांगणारा भाग होय. आणि नेमका तोच भाग विक्रीपूर्वी रंगवला जातो! मार्चमध्ये घर पाहणाराला सप्टेंबरातील भिंत कशी दिसावी?

समजा, सावेडीत एक निवृत्त दांपत्य राहत आहे. मुलगा पुण्यास असतो. बंगला आता त्या दोघांना झेपत नाही, तो विकून मुलाजवळ राहावयास जावयाचे ठरले आहे. मुलगा शनिवारी आला आणि दाराशेजारची भिंत पाहून म्हणाला, “बाबा, उद्या लोक पाहायला येणार. हा खालचा पट्टा खरवडून लांबी भरून घेऊ, वरून रंग मारू. पुढे चार कुंड्या ठेवल्या की कोणाच्या लक्षातही येणार नाही.”

वडील थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “कुंड्या ठेव रे, छान दिसतील. पण पायऱ्यांवर ठेव. त्या पट्ट्यापुढे नको.”

“अहो, मग दोनचार लाख कमी येतील,” मुलगा म्हणाला.

आई आतून आली होती. ती म्हणाली, “येऊ देत कमी. गौरी बसतील तेव्हा त्यांच्या भिंतीला पाणी दिसेल, आणि पाहुण्यांदेखत त्या बाईला खाली बघावे लागेल. ते आपल्या नावावर नको.”

हा प्रसंग मी कल्पिला आहे. पण ह्या तिघांपैकी कोणाचेही म्हणणे अवास्तव आहे असे कोणी म्हणणार नाही. दोनचार लाख ही रक्कम निवृत्त माणसाला लहान नसते. मुलगा लबाड नाही. आईवडिलांच्या म्हातारपणाची काळजी त्याला आहे. म्हणूनच हा प्रश्न खरा आहे.

आणि तो जुनाही आहे. रोमन विचारवंत सिसेरो ह्याने इसवी सनापूर्वी ४४ साली लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात नेमका हाच वाद मांडला आहे. एका सज्जन माणसाला आपले घर विकावयाचे आहे. घरात असे दोष आहेत की जे त्याच्यावाचून कोणाला ठाऊक नाहीत. त्याने ते सांगावेत काय? डायोजेनीस म्हणतो, विकणाराने कोणाला जबरदस्ती केलेली नाही, घर घेणाराच्या डोळ्यांपुढे आहे. आपल्या मालाचे दोष दवंडी पिटून सांगणारा विक्रेता कोणी पाहिला आहे? अँटिपेटर म्हणतो, जाणूनबुजून दुसऱ्याला चुकीच्या वाटेने जाऊ देणे हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहून वाईट. सिसेरोने शेवटी अँटिपेटरच्या बाजूने कौल दिला: आपल्या लाभासाठी घेणाराला अज्ञानात ठेवणे हे सरळ माणसाचे वर्तन नव्हे.

आपला कायदाही ह्याच बाजूचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, उलट करार नसेल तर, जो महत्त्वाचा दोष विकणाराला ठाऊक आहे, घेणाराला ठाऊक नाही, आणि सामान्य काळजी घेऊनही त्याला तो सापडला नसता, असा दोष सांगणे विकणारावर बंधनकारक आहे. न सांगणे हे कपट समजले जाते. १८७२ च्या करार अधिनियमाचे १७ वे कलम तर ठाऊक असलेली गोष्ट कृतीने झाकणे ह्यालाच कपट म्हणते. ओलीवर भरलेली लांबी ही अशीच कृती होय, ह्यात मला तरी शंका वाटत नाही. नव्या इमारती बांधून विकणारांसाठी २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमात आणखी एक तरतूद आहे: जाहिरातीवर किंवा नमुन्याच्या घरावर विसंबून कोणी पैसे भरले आणि तीत सांगितलेले खोटे निघाल्यामुळे त्याचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई विकसकाने केली पाहिजे.

कायदा असला तरी कज्जा कोणाला परवडतो? म्हणून ह्या बाबतीत भर द्यावयाचा तो चालीरीतीवर. माझी सूचना अगदी साधी आहे. दाराची डागडुजी करावी, पण ती मुळापासून. ओल असेल तर आधी पाण्याची वाट शोधावी: पन्हळ गळते काय, अंगणाचा उतार भिंतीकडे आहे काय, हौद पाझरतो काय. ते दुरुस्त करून एक पावसाळा भिंत कोरडी राहिली, तर खुशाल रंग द्यावा. मग तो रंग खरे बोलतो. दुरुस्ती शक्य नसेल, वेळ नसेल, पैसा नसेल, तर तो पट्टा उघडा ठेवावा आणि घेणाराला स्वतः बोट दाखवून सांगावे. त्याने किंमत कमी होईल हे खरे. परंतु जो विकणारा दाराशीच आपला एक दोष सांगतो, त्याच्या उरलेल्या घरावर घेणारा विश्वास टाकतो, हाही लाभ लहान नाही.

आणि घेणाराला माझे सांगणे असे की, आपणही थोडे कौटिल्याच्या वाटेने जावे. तोरण, कुंड्या, पितळी कड्या ह्यांकडे प्रसन्नपणे पाहावे, कारण कोणाचे तरी हात त्यासाठी राबले आहेत. मग दार हाताने उघडून अर्ध्यावर सोडावे. ते तेथेच थांबते की आपोआप सरकते ते पाहावे. पायऱ्या आणि जोते ह्यांच्या सांध्यात भेग आहे काय ते पाहावे. शक्य तर तेच घर भर पावसाच्या दिवशी पुन्हा पाहावे. आणि शेवटी फाटकाबाहेर पडून शेजारच्या घराची घंटी वाजवावी. चाळीस कुळे आज जमणार नाहीत; पण एका शेजाऱ्याशी दहा मिनिटे बोलणे कोणालाही शक्य आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. विकावयाच्या घरातून घरमालकाच्या साऱ्या खुणा पुसून टाकाव्यात, असे सजावटीचे धंदेवाईक सांगतात. घेणाराला ते घर आपले वाटले पाहिजे, हे त्यामागचे कारण. ते खोटे नाही. नामफलक उतरवावा लागतोच. परंतु दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजून ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा असतील, त्यांच्या बाजूला साल लिहिलेले असेल, तर ती एवढी जागा रंगवण्याची घाई करू नये. त्या रेघांत काही लपवलेले नाही. येथे माणसे राहिली, मुले वाढली, घर त्यांना लाभले, असे ती चौकट सांगत असते. नव्या धन्याला नको असतील तर तो त्या पुसून टाकील. कदाचित आपल्या मुलांच्या रेघा तो त्यांच्याशेजारीच ओढील.